चाळ सात, सर्व, रद्दी

जाळीच्या खिडकीतून चिठ्ठी परत आली. तिच्यावर एकच शब्द होता, 'नाही.'

मी ती उलटून पाहिली. मागची बाजू कोरी. भिवा गमरे मागच्या बाजूला कधी काही लिहीत नसे, आणि पुढच्या बाजूलाही शाई वाचवून लिही.

"घावली का वो फाईल?" बाकावरून कौसल्याबाईंनी विचारलं.

ही बाई सकाळी साडेदहापासून बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. नवरा गिरणीत होता, दिवाळीच्या आसपास वारला. भोईवाड्याच्या चाळ सातमधली बत्तीस नंबरची खोली त्याच्या नावावर होती. ती बाईंच्या नावावर करायची तर अडतीस सालच्या मूळ फायलीत, कुटुंबाच्या यादीत, बाईंचं नाव दिसायला हवं. दिसलं तर खोली त्यांची. नाही दिसलं तर महिनाअखेरीला सामान गॅलरीत. भाड्याच्या वीस वर्षांच्या पावत्या त्यांनी दोऱ्यात ओवून आणल्या होत्या, पण आमचं ऑफिस पावतीला विचारत नसे. फाईल हवी.

"बसा हो," मी म्हणालो. "पहिल्या फटक्यात सापडेल तर ते रेकॉर्ड कसलं!"

मी दुसरी चिठ्ठी लिहिली. 'भोईवाडा. चाळ ७. खोली ३२. नीट शोध.' 'नीट' हा शब्द मी चिठ्ठीत कधी वापरत नसे. तो अपमान करायला म्हणून घातला.

उत्तर आलं, 'नाही. चाळ ७ सर्व नाही.'

आता मात्र माझं डोकं फिरलं. ऐंशी खोल्यांच्या ऐंशी फायली नाहीत म्हणजे काय? ह्या माणसानं विकून खाल्ल्या की काय? मी खसाखसा लिहिलं, 'कोणाच्या हुकमाने?' आणि खिडकीत टाकलं. मग एक जुनी चिठ्ठी बाहेर आली. मधोमध खिळ्याचं भोक. 'चाळ ७. सर्व. रद्दी. चिं. रेगे, २ डिसेंबर.'

अक्षर माझं होतं.

आमचं ऑफिस परळला. लालबाग, करी रोड, भोईवाडा ह्या भागातल्या शंभरेक चाळींचा कारभार आमच्याकडे. दर खोलीची एक फाईल, म्हणजे आठ-नऊ हजार फायली, आणि त्या सगळ्या मागच्या लांबट खोलीत भिवाच्या ताब्यात. त्या खोलीत कारकून जात नसे आणि भिवा बाहेर येत नसे. मधे तारेची जाळी, जाळीत वीतभर खिडकी. इंग्रजांच्या वेळच्या कुणा सुपरिटेंडेंटनं ही व्यवस्था केली. रेकॉर्डला नेमलेला माणूस अस्पृश्य होता आणि तो टेबलांमधून हिंडलेला त्या गृहस्थाला खपत नव्हता. हे कारण कुठल्याही कागदावर नाही, पण ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. मी एक्केचाळीस साली चिकटलो तेव्हा प्रथा मुरली होती. त्या माणसाशी बोलायचं नाही, चिठ्ठी टाकायची. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट, कुणाचं तोंड न बघता काम होतं ही मला चैन वाटली.

छप्पन्न साली भिवा नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आला. ऑफिसात आठवडाभर कुजबुज चालली. मग कुणीतरी म्हणालं, "झाला असेल बौद्ध, जाळी तर आहे तिथंच आहे ना?" सगळे पोट धरून हसले. ते वाक्य माझंच होतं.

चिठ्ठ्यांची एक भाषाच तयार झाली होती. आधी वस्ती, मग चाळ, मग खोली, शेवटी काम. कामं चार, शोध, यादी, हलव आणि रद्दी. खोलीच्या जागी 'सर्व' लिहिलं की अख्खी चाळ. 'ज्यात' लिहून पुढं एखादा शब्द दिला की भिवा एकेक फाईल उघडून तो शब्द असलेल्या तेवढ्या वेगळ्या काढी. वस्ती लिहिली नसेल तर आधीच्या चिठ्ठीतली वस्ती धरायची, हा नियम आम्ही कारकुनांनी आळसापोटी पाडला होता. चिठ्ठीत असेल ते भिवा करी. त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

ह्या भाषेत माझा हात धरणारा कुणी नव्हता. बाकीचे 'कृपया', 'लवकरात लवकर' असलं पाल्हाळ लावत. अर्ज लिहायची सवय झालेली माणसं, हुकूम त्यांना लिहिताच येत नसे. मी एका चिठ्ठीत तीन-तीन कामं ओवी. 'लालबाग. सर्व. ज्यात पोटभाडेकरू. यादी. त्यातल्या ४५ नंतरच्या हलव, मधलं कपाट.' बस. दुसऱ्या कुणाला ह्याला अर्धं पान लागलं असतं. गिरगावात दोन खोल्या, अठरा वर्षांची कारकुनी, आणि गर्व धरायला ह्या आखूड चिठ्ठ्या, एवढीच माझी मिळकत होती.

भिवाची एक खोड मात्र मला सहन होत नसे. 'रद्दी' लिहिलेल्या चिठ्ठीवर तो 'नक्की?' असं लिहून ती परत पाठवी. दर वेळी. मग 'होय' लिहून ती पुन्हा टाकावी लागे. मला खात्री विचारणारा हा टिकोजीराव कोण? अठ्ठावन्नच्या पावसाळ्यात मी मेमोच काढायला लावला. 'रेकॉर्डने प्रश्न विचारू नयेत. चिठ्ठीत असेल तेवढेच करावे. पुन्हा तक्रार आल्यास नोकरीचा विचार करावा लागेल.' सुपरिटेंडेंट ताम्हाण्यांनी न वाचता सही ठोकली. भिवानं तो मेमो खिडकीच्या वर आतल्या बाजूनं डकवला. त्यानंतर 'नक्की?' येणं बंद झालं आणि ऑफिसात माझं वजन वाढलं.

त्याच पावसाळ्यात लालबागची चाळ सात खचली. दसऱ्यापर्यंत ती पाडली. तिच्या फायली काढून टाकायच्या होत्या म्हणून दोन डिसेंबरला मी ती चिठ्ठी लिहिली. त्याच्या आधीची माझी चिठ्ठी भोईवाड्याची होती, कुठल्याशा संडासाच्या दुरुस्तीची. माझ्या डोक्यात लालबाग होतं. चिठ्ठीत भोईवाडा होता. 'लालबाग' एवढा एक शब्द लिहायचा मी वाचवला आणि भोईवाड्याची जितीजागती चाळ रद्दीत गेली.

मी चिठ्ठी खिशात घातली.

"बाई, सोमवारी या."

"सोमवारी घावंल ना साहेब? तीन पोरी हायत वो मला. कुठं जाऊ त्यास्नी घेऊन?"

"या तर खरं," मी म्हणालो. त्या पिशवी छातीशी धरून निघाल्या. त्या जिना उतरेपर्यंत मी टेबलावरच्या दौतीतली शाई बघत बसलो.

मग अठरा वर्षांत पहिल्यांदा मी जाळीचं दार ढकलून आत गेलो. आत ऑफिसपेक्षा लख्ख होतं. फायलींच्या फिती एका उंचीवर बांधलेल्या, जमीन झाडलेली. भिवा स्टुलावरून उठून उभा राहिला. माझ्याहून तो उंच आहे हे मला त्या दिवशी कळलं.

"गाढवा, भोईवाड्याची चाळ उभी आहे हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

"चिठ्ठी आली, साहेब. आधीची चिठ्ठी भोईवाड्याची होती."

"आणि तुझं डोकं? ते कुठं गेलं होतं?"

त्यानं मान वर करून मेमोकडं बघितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. त्यानं बघितलं नाही.

"मी बाहेर आलेलो इचारायला. तुम्ही जेवत होता."

आला होता. मला आठवलं. दुपारी आम्ही चौघं डबे उघडून बसलो होतो, आणि हा माझ्या टेबलापासून दोन हात लांब येऊन उभा राहिला. 'साहेब, ती सातची चिठ्ठी.' मी डब्यावर झाकण ठेवलं होतं. 'चिठ्ठीत काय लिहिलंय?' 'चाळ सात, सर्व.' 'मग तेवढं कर. बाहेर यायचं काम नाही.' तो गेल्यावर झाकण काढून मी पुन्हा जेवायला लागलो. त्या दिवशी डब्यात काय होतं तेसुद्धा मला आठवत होतं, वालाचं बिरडं.

"तीन दिस मी हात लावला नाय," भिवा म्हणाला. "म्हटलं, दुसरी चिठ्ठी येईल वस्ती घालून. आली ती 'झाली का?' म्हणून आली. रद्दीवाल्याची हातगाडी खाली उभी. पुन्हा तक्रार झाली असती तर मी घरी बसलो असतो, साहेब. मला पण पोरं हायत." मग तो म्हणाला, "माझं पण चुकलं. माहीत असून केलं मी."

"आणि ही चिठ्ठी? मला कशाला दिलीस ही?"

"कोणाच्या हुकमानं म्हणून इचारलंत. म्हणून दिली."

थोडं व्यवहारज्ञान असलेल्या कुणीही ती चिठ्ठी घरी नेऊन ट्रंकेत ठेवली असती. त्याची नोकरी आणि ऐंशी बिऱ्हाडांच्या खोल्या, दोन्ही आता माझ्या सदऱ्याच्या खिशात होत्या. मूर्ख, असं मी मनातल्या मनात म्हणालो. पण नेहमीसारखी मजा आली नाही.

ताम्हाणे साहेबांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. मुंबई कुणाची होणार ह्या काळजीनं हा माणूस वाळत चालला होता. समितीला गुपचूप वर्गणी द्यायची आणि मोर्चा ऑफिसवरून जायला लागला की खिडक्या लावून घ्यायच्या. उद्या कुणीही राज्यावर आलं तरी त्याच्यापुढं वाकायची तयारी करून ते बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी सुपारीचं खांड ह्या गालातून त्या गालात सारलं.

"चिठ्ठी कुठाय?"

"माझ्याकडे."

"मग नाहीच आहे म्हणा की!" ते हसले. "गमऱ्यानं भलत्याच फायली काढल्या. त्याला नारळ देऊ. आधीचा मेमो आहेच तुमचा, छान झालं."

"आणि भाडेकरू?"

"फाईल नाही त्याचा हक्क नाही. जसजशी मरतील-जातील तसतशा खोल्या आपल्या. वरचे खूषच होतील, रेगे. उगाच घाबरलात. शेवटी आपण आपली माणसं."

माझी सदसद्विवेकबुद्धी जागी झाली असं इथं लिहिलं तर ते साफ खोटं ठरेल. कौसल्याबाई आठवल्या नाहीत, भिवाची पोरं आठवली नाहीत. मला त्या माणसाची किळस आली. कानात अत्तराचा फाया, दातांत सुपारी, सहीच्या वेळी थरथरणारा हात, आणि हा प्राणी मला आपला माणूस म्हणत होता! मी भिवाला तुच्छ लेखत होतो, भाडेकरूंना लेखत होतो, शेजारच्या टेबलांना लेखत होतो. पण ताम्हाण्यांच्या पंक्तीला बसण्याइतका मी अजून खाली आलो नव्हतो. मी चिठ्ठी काढून त्यांच्यासमोर धरली, त्यांना वाचू दिली आणि परत खिशात घातली.

"अक्षर माझं, चूक माझी. गमऱ्याला हात लावलात किंवा एकाचीही खोली गेली, तर ही वर जाईल."

"काय सांगता! हेडक्लार्कची जागा तुम्हाला द्यायची ठरत होती, रेगे."

"ठरत असेल."

ताम्हाणे एकदम मऊ झाले. भांडण त्यांना झेपत नसे. ऐंशी खोल्यांच्या फायली नव्यानं करायच्या, पावत्या आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष धरायची, घरोघर जाऊन मी ते काम करायचं आणि भिवानं बरोबर यायचं, असं ठरलं. कौसल्याबाईंची खोली वाचली. मी उठलो.

"थांबा," ताम्हाणे म्हणाले. "चाळीत नोटीस लावावी लागेल. लोक विचारणार, जुन्या फायलींचं काय झालं? ऑफिस चुकलं असं लिहिता येत नाही. तुमचं नाव घालायचं का?"

मी टाइपरायटरवर कागद चढवला. त्यांनी सांगितलं, मी टाइप केलं. 'दफ्तरी कर्मचाऱ्याच्या नजरचुकीमुळे आपले कागद नष्ट झाले असून.' टाइप करताना माझी बोटं अडखळली नाहीत. भिवाची नोकरी राहिली, लोकांच्या खोल्या राहिल्या, एका ओळीनं कुणाचं काय बिघडतं, असं मी स्वतःला समजावलं. समजावणं फार सोपं गेलं.

फेब्रुवारीत आम्ही भोईवाड्याला गेलो. चाळीच्या भिंतीवर डांबरानं 'झालाच पाहिजे' लिहिलेलं, त्याच्या शेजारी आमची नोटीस. मी पुढं, भिवा मागं, त्याच्या हातात कोऱ्या फायलींचं गाठोडं. नळावरच्या बायका माझ्याकडं बघून बाजूला झाल्या आणि त्याच्याकडं बघून थांबल्या. "ह्योच त्यो," कुणीतरी म्हणालं. तो ऐकू न आल्यासारखा जिना चढला.

दिवसाला आठ-दहा खोल्या होत. मी आत बसून विचारायचं आणि लिहायचं, भिवानं दारात उभं राहून फाईल बांधायची. चौथ्या दिवशी बत्तीस नंबर आला. कौसल्याबाईंनी कुठूनशी खुर्ची मागून आणून पुसून ठेवली होती. तिघी मुली वेण्या घालून भिंतीशी रांगेनं बसल्या होत्या. मी नाव लिहिलं, राहायला आल्याचं साल लिहिलं, मुलींची नावं लिहिली. बाईंनी अंगठा उठवला आणि तो कागदावर नीट उमटला की नाही ते वाकून बघितलं.

"आता न्हाई ना कोण काढणार?"

"नाही."

"साहेब, तुमी व्हता म्हणून." त्यांचे डोळे भरून आले. "समदी सांगत्यात, त्या रेगेसाहेबांनी भांडून केलं. न्हाईतर ह्या मेल्यानं पोरींसकट रस्त्यावर आणलं असतं मला." त्या दाराकडं वळल्या. "का रं? काय वाकडं केलं व्हतं आमी तुझं? तुझ्या बायकोचा सख्खा भाऊ शेजारच्या खोलीत ऱ्हातो. त्याचे कागद फाडताना हात कसा झडला न्हाई तुझा?"

भिवानं खाली बघितलं. मग त्यानं वर, माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विनंती नव्हती आणि रागही नव्हता. मी बोलतो का, एवढंच तो बघत होता.

बाई, फायली मी घालवल्या. एवढं म्हणायचं होतं. ताम्हाण्यांपुढं मी ते तोंड वर करून म्हणालो होतो, कारण ताम्हाण्यांना माझ्याबद्दल काय वाटतं ह्याची मला फिकीर नव्हती. ही बाई मला देवमाणूस समजत होती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मला तसं समजत होतं, आणि ते मला सोडवेना. बाई माझ्या पायांशी वाकल्या तेव्हा मी पाय मागं घेतले. तेवढंच माझ्याच्यानं झालं. ताम्हाणे आणि मी, आपण आपली माणसं, हे त्या क्षणी मला पुरतं कळलं.

भिवानं पुढं होऊन माझ्या हातातली फाईल घेतली. अंगठ्याची शाई ओली होती, ती त्यानं फुंकर घालून वाळवली. फीत बांधली, वर बत्तीस आकडा घातला आणि फाईल गाठोड्यात ठेवली.

आम्ही गॅलरीत आलो. तेहतीस नंबरच्या दारात त्याचा मेहुणा कमरेवर हात ठेवून उभा होता. त्यानं मला नमस्कार केला. भिवाला म्हणाला, "दाजी, आत यायचं काम नाय."

भिवानं गाठोड्यातून एक कोरी फाईल काढून माझ्या हातात दिली.

"तुम्ही जा आत, साहेब," तो म्हणाला. "मी इथं थांबतो." आणि दारापासून चार पावलं मागं सरून तो कठड्याला टेकून उभा राहिला.